लवंगेच्या तेलाची बाटली

माले, १० जानेवारी २०२५

ति. शाइस्ताआपास,
हसिनाचा सलाम. वि. वि.

फोनवर नुसती रडेन, म्हणून लिहिते. माझ्या अळंबीच्या साठच्या साठ पिशव्या वाया गेल्या! वीस दिवस झाले, पेंढ्यावर पांढरा धागा म्हणून नाही. शेजारच्या धोंडाबाईला मी हौसेनं चार पिशव्यांपुरतं बी आणि भिजवलेला पेंढा दिला होता. तिच्याकडे मात्र कापूस पिंजल्यासारखं पांढरंशुभ्र झालंय. तेच बी, तोच पेंढा! मी हबकलेच.

काल नळावर सगळ्या बायकांसमोर तिला म्हटलं, माझ्या खोलीत काहीतरी करून गेलीस, पुन्हा पाऊल टाकू नकोस. ती एवढंच म्हणाली, म्या काय बी केलं न्हाई. आपा, आयानच्या बाळंतपणात तिनंच मला न्हाऊ घातलं होतं. तिनं असं करावं?

माया असू दे.
तुझी, हसिना

मारुंजी, १४ जानेवारी

चि. हसिनास अनेक दुआ.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. अगं, ते मी केलं! पिशव्या भरायच्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा धोंडाबाई तिचा पेंढा घेऊन गेली, तू चहा टाकायला आत गेलीस. तुझा पेंढा निथळत होता. मागच्या खेपेला हिरव्या बुरशीनं तुला रडवलं होतं ना? लिंबाच्या लोणच्याला बुरशी लागू नये म्हणून मी लवंग घालते, तसं पेंढ्यावर लवंगेचं तेल शिंपडलं. बाटलीभर! पीक आल्यावर सांगून मिरवणार होते.

निलोफरला विचारलं तर लेक कपाळाला हात लावून म्हणाली, अम्मी, अळंबी म्हणजे बुरशीच की! लवंगेतलं द्रव्य आपली-परकी ओळखत नाही. चाळीस वर्षं लोणची घालून माझी अक्कल ही एवढी.

जितक्या बायकांसमोर बोललीस, तितक्यांसमोर माफी माग. माझं नाव घे, लाजू नकोस.

रागाव, पण तुटू नकोस.
शाइस्ता

माले, २२ जानेवारी

ति. आपास सलाम. वि. वि.

तुझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. पत्र काल मिळालं. आज नळावर सगळ्यांसमोर माफी मागितली. हंडा तिथंच ठेवून, माझा हात धरून धोंडाबाईनं मला तिच्या घरी नेलं.

चारही पिशव्या अळंबीनं लगडल्या होत्या, पण कडा वाळून पिवळ्या पडल्या होत्या. चार दिवसांपूर्वीच तोडायला हवी होती. का नाही तोडलीस, विचारलं. म्हणाली, बी तुजं हाय, पयली तोडनी तुजीच. वाट बघत व्हते.

मला तोंड वर करवेना, आपा.

लोभ ठेव, बाटली मात्र घरीच ठेव.
हसिना