ओहोटीचं शिल्प आणि माझं भाषण

८ एप्रिल २००६, शनिवार
टाउनशिपच्या आर्ट कमिटीवर माझी निवड झाली. आमच्या गावाचा किनारा मुळात लेनापे या मूळ अमेरिकन आदिवासींचा. त्यांचं या जमिनीशी असलेलं नातं सांगणारं शिल्प बेवर, म्हणजे इथल्या खाडीकिनारी, करून घ्यायचं आहे. काम एका लेनापे बाईंनाच दिलंय. रूबी नाव, ओक्लाहोमाहून येणार. नीला म्हणाली, तू लायब्ररीची वेबसाइट करून दिलीस ना, म्हणून घेतलं असेल तुला. नवऱ्याची सांस्कृतिक खोली बायकोला दिसत नाही, हे जगभर आहे. कमिटीची चेअरपर्सन बार्बरा मला 'डिग' म्हणते. दिगंबरचा अर्थ तिने विचारला नाही म्हणजे मिळवली.

१५ एप्रिल
संकल्प: लेनापे इतिहास वाचून काढणे. रूबीबाईंना कल्पना सुचवणे. उद्घाटनाचं भाषण लिहून ठेवणे.
भाषण झालं. बाकीचं हळूहळू.

२९ एप्रिल, शनिवार
रूबीबाई आल्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. मीटिंगमध्ये मी आराखडा मांडला: वीस फुटी ब्राँझचा योद्धा, हातात वल्हं, तोंड न्यूयॉर्ककडे. त्यांनी शांतपणे ऐकलं. वहीत काही लिहिलं नाही, म्हणजे थेट मनात ठेवलं असणार. मग म्हणाल्या, किनाऱ्यावर तुम्ही नेहमी कुठे जाता ती जागा प्रत्येकाने मला दाखवा. मी सांगितलं, माझी एक खास जागा आहे.

३० एप्रिल, सकाळ
खास जागा शोधायला हवी. इथे राहायला येऊन सहा वर्षं झाली, पण लॉन, ओक ट्री रोडवरचा किराणा, लेकीचे, अदितीचे क्लास, यातून बेवर जाणं राहिलं. आज संध्याकाळी नक्की.

संध्याकाळ
पाहुणे आले.

६ मे, शनिवार
रूबीबाईंना घेऊन गेलो. नीला आणि अदिती मागच्या सीटवर. रस्ते बदललेले दिसतात, तीनदा चुकलो. शेवटी पाणी दिसलं तिथे गाडी लावली. ती सांडपाण्याच्या प्लँटची मागची बाजू निघाली. मी म्हटलं, इथली शांतता मला आवडते. पंप जोरात चालू होते.
रूबीबाई बूट काढून सरळ चिखलात उतरल्या. इथे त्या पहिल्यांदाच येत होत्या. पण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांचा माणसाएवढा ढीग होता. आम्हाला हाकललं तेव्हा ढीग नेता आला नाही, गोष्ट नेली, असं त्या म्हणाल्या. भाषणात घालायला चांगलं आहे.
मग मला विचारलं, "तुमच्याकडे ओहोटी लागली की वास कसा येतो?"
मूळचे आम्ही कोकणातले, हे मीच त्यांना दोनदा ऐकवलं होतं. आठवीनंतर गेलेलो नाही. मी टोपी नीट करत राहिलो. नीला वेंगुर्ल्याची. ती मागून इंग्रजीत म्हणाली, "कालवं फोडणाऱ्या बायकांच्या हातांना येतो ना, तसा." सोळा वर्षांच्या संसारात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

३ जून
नीला आणि अदिती दर शनिवारी रूबीबाईंबरोबर शिंपले वेचायला जातात. गॅरेजमध्ये बादल्याच बादल्या. वास कसा असतो ते आता मला पक्कं माहीत आहे, पण कुणी विचारत नाही. योद्ध्याबद्दल बार्बराला सविस्तर ईमेल केली. उत्तर आलं: मनापासून आभार, वेबसाइटवर 'लेनापे'चं स्पेलिंग चुकलंय ते दुरुस्त करशील का?

१९ ऑगस्ट
योद्धा बारगळला. त्याऐवजी वाळूत शिंपल्यांची एक लांब, वळत जाणारी ओळ. तीही अगदी खाली, पाणी ओसरेल तेव्हाच दिसणारी. मी आक्षेप घेतला, की निम्मा दिवस पाण्याखाली असलेल्या शिल्पाचे फोटो कसे काढायचे. रूबीबाई म्हणाल्या, "आम्हीही इथे तसेच आहोत. दिसत नाही तेव्हाही असतो."
घरी येऊन वाक्य भाषणात घातलं.

२३ सप्टेंबर, शनिवार
उद्घाटन. ओहोटी बघून दुपारी दोनची वेळ. भाषण सात मिनिटांवर आणलं होतं. बार्बरा म्हणाली, भाषणं नाहीत, रूबी तिच्या भाषेत चार शब्द बोलेल. माझ्याकडे जास्त जबाबदारीचं काम दिलं: पार्किंग. नारिंगी जॅकेट. एकशे बारा गाड्या लावल्या, कुठे ओरखडा नाही. मोकळा होऊन किनाऱ्यावर पोचलो तर साडेचार वाजले होते, पाणी वर चढलेलं. लोक ओल्या पायांनी परतत होते. काही जण रडलेले वाटले. नीलाला विचारलं, कसं होतं? ती म्हणाली, सांगता नाही येणार, उद्या पावणेतीनला परत उघडं पडेल तेव्हा ये.

२४ सप्टेंबर, रविवार
गेलो. वेळेआधी. नवे बूट, खिशात भाषण. नीला, अदिती आणि रूबीबाई आधीच पाण्याच्या कडेला होत्या. जवळच एक अमेरिकन जोडपं उभं होतं. त्यांना मी शिल्पामागचा विचार समजावून दिला, भाषणाच्या पहिल्या तीन मिनिटांपुरता. ती दोघं खाली मान घालून ऐकत होती. श्रोते भारावले की असं होतं.
मग अदितीला विचारलं, नेमकं कुठून सुरू होतं ते?
ती म्हणाली, "बाबा, यू आर स्टँडिंग ऑन इट."
बाजूला झालो. बूट काढले.