वहिनीची मुलाखत

प्रिय वहिनी,

पाकीट हातात पडलं की तू म्हणशील, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायची ही कसली थेरं? पण फोनवर सांगायला घेतलं असतं, तर अर्ध्यातच 'दूध उतू चाललंय' म्हणून तू फोन ठेवला असतास. आणि समोर बसून सांगितलं असतं, तर मला तोंडच उघडू दिलं नसतंस. पत्राला मध्येच गप्प बसवता येत नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप. कॉम्प्युटरवर मी टाइप करतो आणि तो मला वाचून दाखवतो. त्याचा आवाज आहे स्टेशनवरच्या घोषणेसारखा. 'प्रिय वहिनी' असं त्याने म्हटलं, तेव्हा मला वाटलं, आता सांगतो की वहिनी उशिरा धावत आहेत, प्रवाशांनी नोंद घ्यावी.

तुझ्या नोकरीचा निकाल मला कळलाय. तो मी शेवटी सांगणार आहे. तू आठवडाभर कोणाला काही विचारत नाहीस, 'मिळाली तर मिळाली, नाही तर राहिली' असं शेजारणीला म्हणतेस आणि पोस्टमन दिसला की गॅलरीत येतेस, हे सगळं माझ्या कानावर आहे. तरीही मधलं गाळून खाली उडी मारू नकोस. मला दिसत नसलं तरी तुझा स्वभाव चांगला दिसतो.

आधी त्या मुलाखतीचं बोलू. त्या दिवशी तू घरी गेल्यावर आपण दोघांनीही तो विषय काढला नाही, पण मला तो पोटात ठेववत नाही. आमच्या संस्थेत अपंगांसाठी मदतनीस निवडताना, ज्याला स्वतःला मदत लागते असा एक तरी माणूस टेबलापाशी बसतोच. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आमच्या संचालिकाबाईंचं म्हणणं. एरवी तिथे आमचा कर्नल बसतो. तो सैन्यात कधी नव्हता, पण चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणून कर्नल. नेमका त्या दिवशी तो तापाने पडला आणि बाईंनी मला बसवलं. तू बिचारी निर्धास्त! माझा वशिला लागला असं कोणी म्हणायला नको म्हणून अर्जात माहेरचं नाव घातलंस. मी तर वरच्या मजल्यावर न दिसणाऱ्या लोकांना फोन वापरायला शिकवत असणार, गाठ कशाला पडतेय, असा तुझा हिशोब.

दार उघडलं आणि तुझ्या चपलेचा आवाज आला. डावा पाय जरा घासत टाकतेस तू, गुडघा दुखायला लागल्यापासून. मी खुर्चीत ताठ झालो. तूही दारात एक क्षण थबकलीस. मग चक्क ओळखच दाखवली नाहीस! खुर्ची ओढलीस आणि 'नमस्कार मॅडम' म्हणालीस, तेही त्या आवाजात, जो तू फक्त बँकेत आणि डॉक्टरकडे काढतेस. मला हसू आवरेना. म्हटलं, बघू तरी ही बया कुठवर नेते. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, अपंग माणसाला मदत करण्याचा काही अनुभव? आणि तू शांतपणे म्हणालीस, 'नाही. अनुभव काही नाही. पण शिकवलंत तर शिकेन.'

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तू खोटं बोलत नव्हतीस, वहिनी, हेच तर! तू मनापासून सांगत होतीस. मग मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, बाई, या माझ्या वहिनी आहेत, मला इथून उठायला हवं. आणि यांना अनुभव नसेल तर या इमारतीत कोणालाच नाही. तर तू मलाच दटावलंस, 'भाऊजी, तुम्ही मध्ये बोलू नका. घरच्या माणसाचं कोणी अनुभव म्हणून सांगतं का?' बाई सहसा हसत नाहीत, त्या दिवशीही हसल्या नाहीत. पण त्यांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो.

अनुभव नाही म्हणे! माझी नजर गेली त्याच वर्षी तू लग्न होऊन घरात आलीस. आई माझ्या खोलीत कुजबुजत बोलायची. जणू मी आंधळा झालो नव्हतो, नुसता झोपलो होतो. दादा दारापर्यंत यायचा, घसा खाकरायचा आणि परत जायचा. नवी नवरी म्हणून तूही गप्प राहशील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याशी भांडलीस. का, तर मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मी म्हणालो, मला दिसत नाही. तू म्हणालीस, ओला टॉवेल हाताला कळतो, त्याला डोळे कशाला लागतात? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. दिवसभर जेवलो नाही. पण संध्याकाळी लक्षात आलं, की दिवसभर मी डोळ्यांचा विचार केलाच नव्हता, नुसता तुझ्यावर चडफडत होतो. फार बरं वाटलं होतं ग.

मग तुझा धडाकाच सुरू झाला. घरात कोणी खुर्ची हलवली आणि जागेवर ठेवली नाही, तर त्या दिवशीची भांडी त्याने घासायची, मग तो दादा का असेना. माझ्या शर्टांच्या कॉलरच्या आत तू दोऱ्याच्या गाठी मारल्यास, एक गाठ पांढरा, दोन गाठी निळा, आणि करड्याला काहीच नाही, कारण तो शर्ट तुला मुळात आवडत नव्हता. मला कांदा चिरायला बसवलंस तेव्हा आई ओरडली, अगं, बोट कापेल त्याचं! तू म्हणालीस, कापलं तर पट्टी आहे घरात. कापलं, पट्टी लावली, आणि तू उरलेला कांदा पुन्हा माझ्यासमोर ठेवलास. मी काठी घेऊन पहिल्यांदा एकटा रस्त्यावर निघालो, तर तू आतूनच सांगितलंस, येताना साबण आणा. दुसरं कोणी असतं तर गुपचूप मागे मागे आलं असतं. मी तुला नंतर विचारलंही होतं, की आली होतीस का. तू म्हणालीस, मीच येणार होते तर तुम्हाला साबण कशाला सांगितला असता? तू स्वयंपाकघरात जागची हलली नाहीस हे खरं. पण मी परत येईपर्यंत चहाचा कप तसाच हातात धरून बसली होतीस, हे मला दादाने सांगितलं. त्या माणसाच्या पोटात काही राहायचं नाही.

दादा गेला आणि तू एकदम गप्प झालीस. पुतणी परदेशात, घरात तू एकटी. मी संध्याकाळी येतो तेव्हा ऐकू येतं, तू घासलेलीच भांडी पुन्हा घासत असतेस. एकदा म्हणालीस, 'हातांना काही कामच उरलं नाही हो.' तेव्हा मी काहीतरी विनोद केला. पण तू त्यानंतर अर्ज आणलास, भरलास, या वयात मुलाखतीला सळसळणारी नवी साडी नेसून आलीस आणि कोणाला पत्ताही लागू दिला नाहीस. वहिनी, मला तुझं किती कौतुक वाटलं ते सांगता येत नाही. आमच्याकडे तिशीतली माणसं मुलाखतीला येताना थरथरतात. जिन्यातून जाताना मला त्यांचे कागद फडफडताना ऐकू येतात.

आता कर्नलचं ऐक. मुलाखतीनंतर बाईंना शंका होती. त्या म्हणाल्या, बाई चांगली आहे, पण ही सगळ्यांनाच आपले दीर समजून दटावेल. म्हणून त्यांनी तुला एक दुपार कर्नलच्या घरी पाठवलं. त्याची एक खोड आहे, नवा मदतनीस आला की तो बशीतला चमचा मुद्दाम खाली पाडतो. कोणी झेप घालून उचलतं, कोणी उचलून, पुसून, वर त्याची साखरही ढवळून देतं. अशांना तो दुसऱ्या दिवशी रामराम करतो. म्हणतो, हे लोक उद्या माझ्या वतीने बोलायलाही लागतील. तू म्हणे खाली पाहिलंस, 'चमचा पडला तुमचा' म्हणालीस आणि खुशाल चहा पीत बसलीस. तो वाट बघतोय, तू वाट बघतेयस. शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, अहो, द्या की उचलून. तू उठलीस, उचललास, धुऊन आणलास आणि वर म्हणालीस, आधी मागितला असता तर चहा गार झाला नसता. कर्नल हे ऑफिसात येऊन प्रत्येकाला सांगत सुटलाय, पाणी भरणाऱ्यालासुद्धा. बाईंना म्हणाला, दटावू दे तिला, मला कोणी हक्काने दटावून कित्येक वर्षं झाली.

तर निकाल असा, की त्यांनी तुलाच निवडलंय. थांब, नाचू नकोस, पुढचं वाच, कारण पत्र मी त्याच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे एका केंद्रात एकाच कुटुंबातली दोन माणसं ठेवत नाहीत, पक्का नियम आहे. बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, वाईट वाटतं, पण तुमच्या वहिनींना 'नाही' कळवावं लागेल. मी म्हणालो, त्यांना 'हो' कळवा, मी जातो. दुसऱ्या शहरात आमची नवी शाखा निघतेय, तिथे शिकवायला माणूस हवाय. मला आधीही विचारलं होतं, मी दरवेळी टाळलं. मला वाटायचं, दादा नाही, मीही गेलो तर तू एकटी पडशील. आणि तुला वाटायचं, तू डबा पाठवला नाहीस तर मी उपाशी मरेन. दोघंही एकमेकांची राखण करत बसलो होतो. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तू तडक ऑफिस गाठून नोकरी नाकारली असतीस, मला माहीत आहे. त्याग-बिग काही म्हणू नकोस, मला खरंच जायचंय. तिथे माझ्यासारखी माणसं घरात पडून आहेत आणि त्यांच्या घरी तू नाहीस. भीती वाटते, खोटं कशाला सांगू, रात्रंदिवस वाटते. तरी जाणार. रविवारी सकाळची गाडी आहे. सामान बांधून झालंय, त्यात लुडबूड करू नकोस, नुसती स्टेशनवर ये. पोटभर रड, मीही रडणार आहे. पण सोमवारी तुझा कामाचा पहिला दिवस आहे, तेव्हा डोळे सुजवून जाऊ नकोस.

कुठेही गेलो तरी तुझाच,
भाऊजी