शेजारशेजारची दोन बटणं

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार करते, पण या खेपेला वाकून नाही. इकडे सगळं ठीक. बाबांची भूक बरी आहे, माझं शिवणकाम जोरात आहे, खिडकीची मोडकी कडी अजून तशीच आहे.

बाबांची वाचा गेली म्हणून त्यांच्यासाठी फोनवरचं अ‍ॅप करतेय म्हटल्यावर तू आणि वहिनी पोट धरून हसलात. शर्ट बेतण्याइतकं सोपं वाटलं का, म्हणालास. तर ऐक, झालं. लाल अक्षरांत चुका दाखवून दाखवून कॉम्प्युटरने जीव खाल्ला, पण झालं. दोनच बटणं, 'हो' आणि 'नाही'. बोट लावलं की फोन बोलतो.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक लुटुपुटीचा फोन असतो. त्यावर माउसने तपासलं, झकास चाललं. मग खरा फोन बाबांच्या हातात दिला आणि विचारलं, "मी कोण ते कळतंय ना?"

फोन म्हणाला, "नाही." पाचदा विचारलं, पाचही वेळा तेच.

आता खरं सांगते. तू पाठवलेल्या वृद्धाश्रमाच्या कागदावर मी त्या दिवशी सही केली. त्यांना काही कळत नाही, हे तुझं म्हणणं मीही मानलं. चार दिवस त्यांना एक शब्द न बोलता भरवलं. त्याची मला लाज वाटते.

पाचव्या दिवशी तो कागद तुला पाठवायला पाकिटात घातला, पण पाकीट चिकटवायला हात धजेना. फोन कॉम्प्युटरला जोडून प्रत्येक स्पर्शाची नोंद पाहिली. बाबांचं बोट दर वेळी आधी 'हो'वरच पडलं होतं. मग कापरा हात घसरून 'नाही'वर. आणि शेवटचा स्पर्श बोलेल, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं. माउसला कुठे कापरं भरतं?

दोन ओळी बदलल्या. आता पहिला स्पर्श बोलतो, पुढचे तीन सेकंद बाकीचे गप्प.

काल पुन्हा विचारलं. "हो." मग तुझा कागद वाचून दाखवला आणि तिकडे जायचंय का विचारलं. "नाही." तू शंका काढणारच, म्हणून बटणांची अदलाबदल करून परत विचारलं. तरी "नाही."

कागदाचे तुकडे सोबत आहेत, माझ्या सहीसकट. बाबा इथेच राहतील. पटत नसेल तर ये, त्यांच्यासमोर बस आणि उत्तर येईपर्यंत थांब. तुला ओळखतात का, ते मी विचारलेलं नाही. ते तूच विचार.

बाबांनी ओळखलेली,
तुझी धाकटी बहीण