न ऐकता म्हटलेलं ओमीन

कोक-बेल,
१४ सप्टेंबर

चि. बुबुकान हिला आकेचे, थोरल्या भावाचे, अ. आ., वि. वि.

बाह्यांचा तो आवाज तुला आठवतो का गं? सामुदायिक शेताच्या क्लबघरात बाबा आपल्याला भट्टीजवळच्या बाकावर बसवून पुढे जात. मंचावरून कुणीतरी विचारी, अनुकूल कोण, आणि कापूस भरलेल्या कोटांच्या सगळ्या बाह्या एकदम वर जात. खस्स. कापणी झालेल्या शेतातून तितरांचा थवा उठावा तसा. मला वाटे, आता ही माणसं छप्पर घेऊनच उडणार. तू एकदा टाळ्या पिटल्यास आणि आईने तुझं तोंड दाबलं होतं. प्रतिकूल कोण, असंही विचारत असत. तेव्हा मात्र भट्टीतली लाकडं तेवढी ऐकू येत.

आज हे आठवायचं कारण म्हणजे माझ्याच हाताची पंचाईत झाली आहे.

मी केनेशमध्ये, गावच्या पंचायतीत, आहे हे तुला माहीत आहेच. वरच्या आळीच्या लोकांनी मला बळेच उभं केलं. आळीतली सैरा तर भर रस्त्यात म्हणाली होती की आगाय, मास्तर, तुम्हालाच पाठवतो, तुम्ही कुणाकडून काही घेणार नाही, कारण काय घ्यावं हेच तुम्हाला कळत नाही. सगळी आळी हसली आणि मी निवडून आलो. आजवर रस्त्याचे खड्डे आणि शाळेचा कोळसा एवढ्यावरच आमची सभा निभावली. आता मात्र एका कंपनीला आपलं वरचं कुरण हवं आहे. सोनं काढायचं आहे म्हणे. झरे तिथेच, घोड्या तिथेच, आई-बाबांच्या कबरीही तिथेच. सामाईक कुरण द्यायचं तर हजर सभासदांचं एकमत हवं, असा आमचा जुना नियम आहे. म्हणजे एक हात वर गेला नाही तर सगळंच अडतं.

तो एक हात माझा असेल असं मी मनाशी धरलं होतं. मग गेल्या रविवारी गावप्रमुख सुयुनबेकने वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण घातलं. हा माझाच विद्यार्थी. आम्हा केनेशवाल्यांना एका तंबूत मानाच्या जागी बसवलं, मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. जेवणानंतर गावच्या मोल्दोने, मुल्लाने, दुआ सुरू केली. त्याची दुआ म्हणजे हिवाळा. संपता संपत नाही. तेवढ्यात वरून करकोचे गेले. मी वर्गात शिकवत असे ती शरदाची कविता मनात आपोआप सुरू झाली, आणि चौथ्या कडव्यावर होतो तेव्हा सगळ्यांनी तोंडावरून तळवे फिरवून ओमीन म्हटलं. मीही फिरवले, मीही म्हटलं.

सुयुनबेकने मला मिठी मारली. डोळे ओले. म्हणाला, आगाय, तुम्हीसुद्धा शब्द दिलात, वडिलांच्या आत्म्याला बरं वाटलं. मी शेजारच्या इशेनकुलला विचारलं की कसला शब्द? तो हाड चोखत म्हणाला, मोल्दो म्हणाला ना, केनेशमध्ये आम्हा सगळ्यांचे हात एक होवोत, जो फिरेल त्याची चूल विझो. तू कुठे होतास? मी म्हटलं, करकोच्यांबरोबर.

सभा ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी आहे. चूल विझण्याची मला भीती वाटते, हे तुझ्यापाशी कबूल करतो. फोनवर यातलं काही बोलू नकोस. मिनीबसवाल्याच्या हाती पत्र दे. तालायला माझे आशीर्वाद, आणि तुझी माया या म्हाताऱ्यावर आहे तशीच राहू दे.

तुझा,
जुमाकादिर


बिश्केक,
१९ सप्टेंबर

ती. आके यांस, बुबुकानचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग चहा तसाच ठेवून उठले. आके, स्वतःच्या लग्नातही तुम्ही ओमीन म्हणून झाल्यावर वहिनीला विचारलं होतंत की काय ठरलं. तिने तुम्हाला सांभाळून घेतलं. आता ती नाही, कोण घेणार?

मी सांगते ते ऐका. हात वर करा आणि घरी या. तुम्ही म्हणाल, मला लोकांनी पाठवलंय. आमच्या भागातूनही एकाला लोकांनी पाठवलंय. निवडणुकीच्या आधी तो आमच्या जिन्यात आला, माझ्या हातचे मांती खाल्ले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि आमची लिफ्ट आपल्या आईसाठी करावी तशी दुरुस्त करीन म्हणाला. निवडून आल्यावर त्याची गाठ पडते ती फक्त भिंतीवरच्या चित्रात. लिफ्ट अजून बंद आहे. शेजारीण म्हणते, बाई, त्याची आई तळमजल्यावर राहत असेल. असं हे सगळं चालतं, आणि तरी माणसं जगतात. एकट्या तुम्ही जगाची लिफ्ट दुरुस्त करायला निघू नका.

हात वर करायला जिवावर येत असेल तर आजारी पडा. छातीत कफ आहेच तुमच्या. इकडे या, मी मेंढीच्या चरबीने छाती चोळून देईन. जो हजरच नाही त्याच्यावर कुणाचा राग राहत नाही. आणि न ऐकलेल्या दुआचं म्हणाल, तर ते देवाला मोल्दोपेक्षा जास्त कळतं.

तालाय म्हणतो मामांना सांग, सांभाळून राहा. आणि न जेवताच उठला. उत्तर लगेच धाडा. तुमच्या मायेवरच माझे दिवस चालले आहेत, त्यात खंड नको.

तुमची,
बुबुकान


कोक-बेल,
२५ सप्टेंबर

चि. बुबुकान हिला अ. आ.

आजारी पडण्याची युक्ती तुझ्याआधी सुयुनबेकलाच सुचली. परवा तो स्वतः घरी आला, तिकिटाचं पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणाला, आगाय, तलावाकाठच्या आरोग्यधामात जाऊन या, कफ मोकळा होईल. मी गेलो की हजर सभासदांचं एकमत आपोआप होतं. वर्गात हा कवितेची शेवटची ओळ गिळून खाली बसायचा, आणि मी लक्ष नसल्यासारखं करायचो. आता तो मला तसंच बसायला सांगतो आहे.

मी पाकीट परत सरकवलं. तेव्हा त्याचा आवाज उतरला. म्हणाला, तुम्हाला वाटतं मी मालक आहे. मला वर उत्तर द्यायचंय, आगाय. त्यांना मी सांगून बसलोय की आमचं गाव एका मुठीत आहे. मी म्हटलं, कुणाच्या मुठीत? यावर तो उठून गेला.

त्या दिवसापासून फाटकासमोर एक काळी गाडी उभी असते. कुणी उतरत नाही, काही बोलत नाही. काचा काळ्या आहेत, त्यामुळे आत एकजण आहे की चारजण, की कुणीच नाही, तेही कळत नाही. कुणीच नसेल असं वाटतं तेव्हा जास्त भीती वाटते. इशेनकुल सुरुवातीला माझ्या बाजूने बोलला होता. त्याची गवताची गंज जळाली. तो म्हणतो, सिगारेट पडली असेल. तो सिगारेट ओढत नाही, त्याच्या घरी कुणी ओढत नाही. काल दुकानात मी सलाम केला तर तो मिठाच्या पिशव्या मोजत उभा राहिला.

मोल्दोकडेही गेलो. विचारलं, न ऐकता म्हटलेलं ओमीन लागू होतं का? तो दाढीत हसला. म्हणाला, मास्तर, लागू होत नसतं तर माझ्या निम्म्या दुआ फुकट गेल्या असत्या, ऐकतं कोण? मग हसू आवरून इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ते शब्द माझे नव्हते, मला दिले होते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त ढवळलं ते सैराने. ज्यांनी पाठवलं त्यांनाच विचारावं म्हणून मी आळीत निघालो. तिने मला दारातच थांबवलं, आत बोलावलं नाही. या बाईच्या घरून मी कधी बोर्सोक न खाता परतलो नव्हतो. म्हणाली, आगाय, माझ्या मुलाला खाणीत ट्रकवर घेणार आहेत, रशियात राबून त्याची पाठ गेली, तो घरी परत येईल, हात वर करा. मी विचारलं, आणि झरे? ती म्हणाली, झऱ्याचं पाणी प्यायला माणूस घरी नको का? मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा ती मागून आली, माझ्या कोटाची कॉलर नीट केल्यासारखं करून कानाशी म्हणाली की, खरं सांगू, मला त्या कुरणाच्या काळजीने झोप लागत नाही. आणि लगेच मोठ्याने, रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, मग हात वर करा हं.

आता सांग, मी तिच्या कोणत्या बोलण्याचा प्रतिनिधी?

रात्री पुस्तक उघडतो, एकही ओळ डोक्यात शिरत नाही. दार लावलेलं असतं तरी उठून पाहतो. तुला भीती घालायला हे लिहीत नाही, पण दुसऱ्या कुणाला लिहू? लोभ ठेव, आणि रागावलीस तरी सविस्तर रागव.

तुझा,
जुमाकादिर


बिश्केक,
२९ सप्टेंबर

ती. आके यांस सा. न.

सविस्तर लिहायचं बळ नाही. मिनीबस सुटायची आहे.

काल एक माणूस आला होता. चांगला कोट, गोड आवाज. मी कोक-बेलचाच आहे म्हणाला, पण कुणाचा मुलगा ते सांगितलं नाही. बूट न काढता आत आला, आके. माझ्या लोकरीच्या शिर्दाकवर चिखलाचे बूट घेऊन बसला आणि मी त्याला चहा दिला. सांडू नये म्हणून कप अर्धाच भरला, तर तो हसून म्हणाला की आपा, अर्धा कप म्हणजे पाहुण्याचा मान, तुम्ही रीत विसरला नाहीत. मग तुमचा कफ कसा आहे विचारलं. तालाय कोणत्या बसने कामाला जातो ते मी न सांगताच त्याला माहीत होतं. जाताना म्हणाला, म्हातारपणी माणसाने एकटं पडू नये.

मी त्या शिर्दाकवर अजून पाय टाकलेला नाही.

झरे असोत, कुरण असो. मला भाऊ हवा आहे आणि मुलगा हवा आहे. मी कोक-बेलची मतदार नाही, पण तुमची बहीण आहे. माझंही एक मत धरा. हात वर करा. नंतर आयुष्यभर मला दोष द्या, मी ऐकून घेईन.

उत्तर नको, फक्त सुखरूप असल्याचं कळवा. आई-बाबांच्या मागे तुम्हीच आहात, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
बुबुकान


कोक-बेल,
३ ऑक्टोबर, सकाळ

चि. बुबुकान हिला अ. आ.

सुखरूप आहे. आधी हेच लिहितो. पण तालायला काही दिवस तुझ्या नणंदेकडे पाठव. तूही जा. कारण मी तुझं ऐकलं नाही.

खरं तर ऐकणार होतो. तुझं पत्र खिशात घेऊनच काल सभेला गेलो होतो. सभागृह भरलं होतं, मागे भिंतीशी आळीचे लोक उभे होते. सुयुनबेकने ठराव वाचला आणि विचारलं, अनुकूल कोण. सगळे हात वर गेले. माझा मांडीवर होता. तो मी धैर्याने तिथे ठेवला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण भीतीने तो हलेचना, बुबुकान. क्षणभर मीसुद्धा तो कधी वर जातो याची वाट पाहत होतो.

सुयुनबेकला माझी दया आली असावी. म्हणाला, आगाय, डुलकी लागली की काय? लोक हसले. त्याने मला वाट करून दिली होती; हो म्हणालो असतो तर मिटलं असतं. त्या हसण्यानेच माझी जीभ सुटली. मी म्हणालो, नाही, आज मी जागा आहे, त्या जेवणाच्या दिवशी नव्हतो. मी ओमीन म्हटलं ते तुझ्या वडिलांसाठी. जेवण घालून हात बांधता येत असतील तर मतं कशाला मागता? दर वर्षी एक मेंढी कापा आणि गाव चालवा.

मग कुणी हसलं नाही. त्याने विचारलं, तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय? जरा मागे वळून बघा. मी वळलो. एकही मान वर नव्हती. सैरा आपल्या बुटांकडे पाहत होती. मी काय म्हणावं? भिणाऱ्या माणसाचाही कुणीतरी प्रतिनिधी असावा लागतो, हे वाक्य मला घरी आल्यावर सुचलं. तिथे मी ठाऊक नाही, एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.

इशेनकुलने मान खाजवायला हात खाली घेतला. तो त्याने पुन्हा वर नेला नाही.

ठराव पडला. लोक पांगले ते बर्फावरून चालावं तसे, पाय न वाजवता. मी जिंकलो असेन तर जिंकल्यासारखं काहीच वाटत नाही. रात्रभर कपडे घालूनच बसलो होतो. पहाटे बाहेर पाहिलं, फाटकासमोरची गाडी नाही. त्याने बरं वाटायला हवं होतं. ती कुठे गेली असेल याचाच विचार करत बसलो. तुझ्याकडे, हे एकच उत्तर सारखं मनात येत राहिलं. म्हणून म्हणतो, आजच घर सोड.

तुझं एक मत मी धरलं होतं गं. ते हरलं. भावावर राग असेल तो असो, माया मात्र काढून घेऊ नकोस.

तुझा,
जुमाकादिर

ता. क. पत्राची घडी घातली आणि दार वाजलं. आले, असं मनाशी म्हणालो. कोट चढवला, कफाचं औषध आणि लोकरीचे मोजे खिशात कोंबले, आणि दार उघडलं. सुयुनबेक उभा आहे. एकटा, पायी, डोक्यावर कल्पाक नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. रस्ता सोडून ओढ्यातून आलेला दिसतो. ती काळी गाडी पहाटेपासून त्याच्या दारात आहे म्हणतो. एका मुठीतल्या गावाचं काय झालं, ते विचारायला वरची माणसं आली आहेत. त्याला आत घेतलं आहे. हे लिहितोय तेव्हा तो खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभा आहे, आणि आत्ताच त्याने विचारलं की, आगाय, तुमच्या दाराला आतून कडी आहे ना?