दार मी उघडलं होतं

जळगाव
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. भूपेंद्र,
तुला, डिंपलला आणि लहानग्या भूमीला आईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. इथे थंडी चांगली पडली आहे, पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. वांगी छान येऊ लागली आहेत, म्हणून खानावळीत आठवड्यातून दोनदा भरीत करते. त्या दिवशी कॉलेजची मुलं कळण्याच्या भाकरीवर तुटून पडतात. शेजारच्या साबेराच्या सबाचं लग्न ठरलं, मुलगा भुसावळचा आहे, रेल्वेत आहे. भूमीचा खोकला गेला का? सुरतेला धूळ फार. तिला सकाळी सकाळी गॅलरीत नेऊ नका.

इकडचं तिकडचं संपलं. आता मुद्द्याचं.

मंगळवारी तुझा फोन आला आणि मी तो मध्येच ठेवला. तू ओरडत होतास, मागून डिंपल काहीतरी सांगत होती, आणि मला माझं एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. डिंपललाही वाचायला दे.

पारोळ्याच्या जीवराम काकांनी तुला सांगितलं की त्यांच्या सूनबाईनं मला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पाहिलं, एचआयव्हीच्या तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर. ती मीच होते. सूनबाई जाता जाता थांबली, पुन्हा वळून बघितलं. मी पदर ओढला नाही. उलट तिला हात केला. बिचारीला काय करावं सुचेना, ती तशीच पळाली.

आता झुलालभाऊंचं, फोनवर तू ज्यांच्यावर संशय घेतलास त्यांचं. ते तुला चांगले माहीत आहेत. केळीच्या ट्रकवर होते, रावेर-सावद्याहून माल भरून दिल्लीला जायचे. मूळचे दोंडाईच्याचे. त्यांची काडीमोड फार पूर्वी झालेली. तू बारावीत होतास तेव्हापासून आपल्याकडे जेवायला यायचे. तुझ्या लग्नात मांडवाचं सामान त्यांनीच आणलं होतं. उन्हाळ्यापासून त्यांना खोकला होता, तो हटेना.

हे बघ, मी पुन्हा 'भाऊ' लिहिलं. हे 'भाऊ' मी लोकांसाठी लावत होते. झुलाल आणि मी एकत्र आहोत, भूपेंद्र. तुझं लग्न होऊन तू सुरतेला गेलास, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. नवरा-बायको असतात तसे. आईनं मुलाला असं लिहायचं नसतं हे मला कळतं, पण तूच विचारलंस, तर आता नीट ऐक. तुझे बाबा गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. तेव्हापासून मी लोकांच्या ताटात काय कमी-जास्त आहे तेवढंच बघत आले. तुझे डबे केले, तुझी फी भरली, तुझं लग्न केलं. मग घर रिकामं झालं. त्या रिकाम्या घरात मला कोणीतरी हवं होतं, आणि मला तो हवा होता. मला आवडत होतं ते सगळं. बस, याहून जास्त लिहीत नाही.

गिऱ्हाईक आलं म्हणून थांबले होते. आता सगळे जेवून गेले, पुढे लिहिते.

भाद्रपदात तो कितीतरी दिवस दिसलाच नाही. फोनही बंद. मग एका दुपारी आला. मी तांदूळ निवडत बसले होते. दारातच उभा राहिला. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता.

मी म्हटलं, "ये ना, बस. जेवलास का?"

"बसत नाही, मंदा. टीबी निघाला. धुळ्याला ॲडमिट होतो. त्यांनी रक्तही तपासलं. त्यात तेबी निघालं."

"ते म्हणजे काय?"

तो खाली बघून म्हणाला, "एचआयव्ही. तू तपासी ले मंदा, लवकर तपासी ले."

मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, ठाऊक नाही, तुझ्या आधीचंच असणार. ट्रकवरच्या दिवसांत तो कुठे कुठे जायचा ते त्यानं मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मला वाटायचं, ते झालं-गेलं. मी हातातली परात त्याच्या अंगावर फेकली. तांदूळ घरभर झाले. "चालता हो," म्हणाले. तो गेला. तो गप्प बसला असता तर मला काहीच कळलं नसतं, हे मला फार उशिरा सुचलं.

त्यानंतरचे दिवस तुला कसे सांगू. तोंड आलं की आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहायची. मानेवर गाठ चाचपायची, चाचपून चाचपून तिथं दुखायला लागलं की, दुखतंय म्हणून आणखी घाबरायचं. घाम आला तरी तेच, नाही आला तरी तेच. फोनचा आवाज बंद करून डॉक्टरांचे व्हिडिओ बघायचे. भांडी घासायला येते त्या ताईबाईला मी सहज विचारल्यासारखं केलं, "मी वाळले आहे का गं?" ती म्हणाली, "हां अक्का, आता चांगल्या दिसता." कौतुकानं म्हणाली ती. मी मोरीत जाऊन रडले.

एकदा मेथी चिरताना बोट कापलं. रक्त ताटात पडलं होतं, भाजीला लागलंही नव्हतं. तरी मी सगळी मेथी उकिरड्यावर टाकली आणि मुलांना नुसतं वरण वाढलं. हा रोग जेवणातून पसरत नाही हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हात थांबणं वेगळं. माझं ताट मी वेगळं ठेवायला लागले, कोणी सांगितलेलं नसताना.

आणि दिवाळीत तुम्ही आलात. भूमी माझ्याकडे झेपावली आणि मी हात मागे घेतले. पीठ लागलंय म्हणाले. पीठ लागलं नव्हतं. डिंपल तुला आत जाऊन म्हणाली, "मुलगी झाली म्हणून आईंना गोडी नाही." मी ओट्याशी उभी होते, मला ऐकू आलं. डिंपल, बाई, तसं नव्हतं गं. ती माझ्या गळ्यात पडावी म्हणून माझा जीव तुटत होता.

तुमची गाडी सुटली, आणि मी स्टेशनवरच ठरवलं की आता बस झालं. जळगावच्या दवाखान्यात जाता येईना, तिथल्या अर्ध्या सिस्टरांचे डबे माझ्याकडून जातात. म्हणून धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याचा स्टँड आला तसा मी तोंडावरून पदर घेतला, काकांकडचं कोणी चढेल म्हणून. त्या पदराची मला आज लाज वाटते, बाकी कशाची नाही. तपासणी झाली. निगेटिव्ह. तिथल्या बाईंनी सांगितलं, काही दिवसांनी पुन्हा एकदा करू, म्हणजे पक्कं होईल. आणि तुला खरं वाटणार नाही, मला आनंद झालाच नाही. नळ्या बदलल्या असतील, नाव चुकलं असेल, आता नाही तर पुढच्या वेळी निघेल. घरी येऊन पुन्हा आरसा.

दुसऱ्यांदा गेले ती या सोमवारी. बाकावर शेजारी साक्रीकडची एक बाई होती, माझ्याहून लहान. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं, मंगळसूत्र नाही हे बघितलं, आणि हळूच विचारलं, "तुम्हनंबी नवराघाईच शे का, बहीण?" तिला वाटलं, तिच्यासारखंच माझंही नवऱ्यामुळेच.

मी म्हटलं, "नही वं. मन्ही मर्जीघाई."

माझ्या मर्जीनं. तोंडातून निघून गेलं आणि मला एकदम हलकं वाटलं. ती बाई आधी बघतच राहिली, मग खुदकन हसली. त्या बाकावर आम्ही दोघी हसत होतो. तेवढ्यात समोरून काकांची सूनबाई आली. आता कळलं ना, मी हात का केला ते?

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. तू काय काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. खानावळ बंद कर. सुरतेला ये. कोणाला सांगू नको. काका म्हणतात, त्यांच्या घरच्या लग्नाला पारोळ्याला येऊ नको. बाबांचं नाव घालवलंस. आणि मग आवाज खाली करून, "आई, त्यानं जबरदस्ती केली का? तू फक्त हो म्हण. काकांची पोलिसात ओळख आहे, पुढचं ते बघतात."

तुझा हेतू मला कळतो. मी बिचारी ठरले की तुम्हा सगळ्यांची मान वर राहते. मला परत लग्नकार्यात बोलावता येईल, पहिल्या पंगतीला बसवता येईल. झुलाल तुरुंगात खोकत मरेल, ते कोणाला दिसणार नाही.

नाही, भूपेंद्र. कोणी जबरदस्ती केली नाही. दार मी उघडलं होतं. पहिल्यांदा पण मीच आणि नंतरही मीच. काकांनी असली काही तक्रार केली तर मी चौकीत जाऊन हेच सांगेन, वर जीवराम काकांच्या तोंडावर सांगेन, त्यांच्या मांडवात उभी राहून सांगेन.

आणि एक गोष्ट. तू एवढं सगळं बोललास, पण एकदाही विचारलं नाहीस की आई, तुझ्या तपासणीचं काय झालं? तू ओरडत होतास तेव्हा निकाल माझ्या पिशवीत होता. निगेटिव्ह. दुसऱ्यांदाही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आता शंका धरायची नाही. या वेळी मला खरं वाटलं.

पण नीट समज. मी सुटले म्हणून एवढी ताठ बोलते आहे असं नाही. त्या कागदावर उलटं लिहिलेलं असतं तरी मी हेच पत्र लिहिलं असतं. गोळ्या घेतल्या असत्या, खानावळ चालवली असती, आणि माझ्या नातीला कडेवर घेतलं असतं.

परवा मी सुरत लाईनची पॅसेंजर पकडली. गाडी पुढे तुझ्याकडेच येते. मी दोंडाईच्याला उतरले. झुलाल त्याच्या बहिणीकडे आहे. वच्छलाबाई वाईट नाही, पण ताट लांबून सरकवते. तो अंगणात खाटेवर बसला होता. गोळ्या लागू पडल्यात, चेहऱ्यावर थोडी रया आली आहे. मला बघून उठायला लागला.

मी आधी भांडले. वच्छलाबाईसमोरच भांडले. "इतकी वर्षं गाडी चालवलीस, एकदा रक्त तपासायला काय झालं होतं?"

म्हणाला, "भ्याव वाटे."

"मला नाही वाटलं? मी दोनदा गेले ना? एकटी गेले ना?"

तो रडायला लागला. मी थांबवलं नाही. रडू दे म्हटलं, माझे तीन महिने गेलेत. मग तो गप्प झाल्यावर मी म्हणाले, "चल जळगावला."

"खानावळ बसेल तुझी. लोक जेवायला येणार नाहीत."

"ते माझं मी बघेन. तू येणार की नाही तेवढं बोल."

वच्छलाबाईच आतून म्हणाली, "जाय रे भाऊ, कोनी इतलं बलावाले येस का?" एवढं बोलावायला कोण येतं, असं. तेव्हा त्यानं मान हलवली.

येत्या सोमवारी मी त्याला घेऊन येते आहे. तो आपल्या घरात राहील. खानावळीत जेवणाऱ्या सगळ्यांना मी सांगून टाकलं आहे, रोगासकट. चार-पाच जणांनी डबे बंद केले. साबेरानं तिच्या घरचे दोन सुरू केले, म्हणाली, सबाच्या लग्नाच्या धावपळीत रांधायला वेळ नाही. रोज रांधते ती, मला वास येतो. आम्ही दोघांनी कसं सांभाळून राहायचं ते मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. विचारताना कान तापले, पण विचारलं.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही यायचं म्हणत होतात. या. तुला झुलालशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण तो समोर आला म्हणून ताटावरून उठायचं नाही. डिंपलला भीती वाटत असेल तर तिनं मला सरळ विचारावं, मी सगळं सांगेन, माझ्यावर रागावणार नाही. नाही आलात तर मला वाईट वाटेल. फार वाटेल. पण मी माझं ठरलेलं बदलणार नाही.

या पत्रात मी कुठे माफी मागितली आहे का ते शोधत बसू नकोस. मागितलेली नाही. भूमीचा पापा घे.

तुझी, आणि माझीही,
मंदा