स्टुलाचा नियम

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनही हे पत्र फाडलं नाहीस, म्हणजे अर्धी लढाई जिंकली म्हणायची. सात महिन्यांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पण सोमवारी सकाळी अकराला मला तुरुंगात हजर व्हायचंय, आणि त्याच्या तयारीत घरात जो तमाशा झाला तो तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

प्रश्न होता गोटीला सांगायचं कसं. पोर सहा वर्षांची, आणि बाप दीड वर्ष दिसणार नाही. मी तुझ्या भावजयीला म्हटलं, मी सांगतो, जरा दम धर. दम धरता धरता महिना गेला आणि तेवढ्यात घरादाराने आपापल्या अकलेप्रमाणे तिला परस्पर सांगूनही टाकलं. आईने सांगितलं, बाबा जहाजावर नोकरीला चाललाय. (मला साध्या नावेत मळमळतं, पण असो.) तुझ्या भावजयीने सांगितलं, शिक्के बनवायचं नवं मशीन शिकायला चाललाय. शेजारच्या शिंपीणकाकूंनी डोळे पुसत मोठं दुखणंच लावून दिलं मला. गोटीने तिघींचं नीट ऐकलं, कोणालाच खोटं पाडलं नाही, आणि माझी बॅग भरली. पोहायची फुगवायची ट्यूब, दोन कोऱ्या वह्या आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. वर मला बजावलं की जहाजावर आजारी पडलास तरी अभ्यास बुडवायचा नाही. मी पोट धरून हसलो आणि मग दुकानात जाऊन रडलो.

आपलं शिक्क्यांचं दुकान तसंच आहे. टेबलावर रबराचा भुगा, खिळ्याला अण्णांची कोरायची सुरी. अण्णांची पद्धत तू विसरली नसशीलच. शिक्का कोणाचाही असो, गोल कडेच्या आत, खाली, एक बारीक ठिपका कोरायचा. ती आपल्या दुकानाची खूण. शाळेतून आलीस की ते काम तुझं, कारण माझा हात जड. पुढे तू आरटीओत नोकरीला लागलीस आणि ठिपके माझ्याकडे आले. इतके कोरले की आता हात मला विचारतसुद्धा नाही.

तोच हात नडला. बसवाला मित्र आला, शाळेच्या दोन बस तपासून पास केल्याचा सरकारी शिक्का हवा म्हणाला, आणि मी भिडेखातर मान डोलावली. बनवला मात्र झकास! खोटा म्हणून कुठे कसर ठेवली नाही, आणि सवयीने खाली ठिपकाही कोरला. चोरी करावी आणि निघताना दारावर आपल्या नावाची पाटी ठोकून यावी, तशातली गत. आणि तो कागद सगळी टेबलं सोडून नेमका कोणाच्या टेबलावर गेला, ते तुला मी काय सांगायचं? त्यातल्या एका बसचे ब्रेक लागतच नव्हते, हे मला थेट कोर्टात कळलं.

परवा गोटीने आईच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर ‘मंजूर’ असे तेवीस शिक्के मारले. आईने तिला स्टुलावर बसवलं. हो, अण्णांचं तेच स्टूल, आणि नियमही तेच. काय केलं ते आधी सांगायचं, मग बसायचं, ज्याने बसवलं त्यानेच येऊन उतरवायचं, आणि उतरल्यावर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. आठवतं, एकदा मला बसवून तू मैत्रिणीकडे निघून गेलीस? मी दिवेलागणीपर्यंत तिथेच. आई जेवायला हाका मारून थकली तरी उतरलो नाही, आणि तेव्हापासून तू मला ठोंब्या म्हणायला लागलीस.

मी गोटीशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. मी खोटा शिक्का बनवला, त्यापायी मुलांना लागलं असतं, म्हणून मला मोठ्या स्टुलावर बसवलंय. ते दुसरीकडे आहे आणि तिथे दीड वर्ष बसायचं आहे. तिने विचार केला आणि हे चादरीपेक्षा खूपच वाईट आहे असा निकाल दिला. मग तिथे पाणी प्यायला उतरू देतात का, ते विचारलं. मग विचारलं, तुला पकडलं कोणी? मी म्हटलं, आत्याने. पोरीचा चेहरा अभिमानाने फुलला, आत्या हुशारच आहे म्हणाली. आणि लगेच, मग तुझी आत्याशी कट्टी का? मला आजीने पकडलं, तरी मी आजीशी बोलतेच ना? तेवढ्यात आईने येऊन तिला उतरवलं आणि दोघी हसत चादर भिजवायला गेल्या.

ताई, चुकलो. तू पकडलंस ते फार बरं केलंस. सात महिने तोंड फिरवून बसलो ते निव्वळ लाजेने, आणि राग तुझ्या नावावर खपवला. गोटीला तुझी आठवण येते. सोमवारपासून घरी येत जा. आणि माझं एक काम कर. दीड वर्षाने सुटेन त्या सकाळी फाटकापाशी तू ये, गोटीचा हात धरून. दुसरं कोणी आलं तर मी तिथून हलणार नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बसवलंस तू, तेव्हा उतरवायलाही तूच हवीस. या वेळी तेवढं मैत्रिणीकडे जाऊ नकोस.

तुझाच,
ठोंब्या