पाटीवरचं गाऱ्हाणं

धामापूर,
२९ ऑगस्ट २००६

प्रिय संचिता,

बाळाला दात आले का? सर्वेशरावांची होडी पुन्हा पाण्यात गेली असेल. हे आधीच विचारून घेते, कारण पुढे मी रागानं लिहिणार आहे.

तुझ्या बाबांच्या मौनाचा मला वीट आलाय. वीट कसला, शिसारी! शिबिरात दहा दिवस गप्प बसायला शिकून आले, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मलाही आवडतं गप्प बसायला. पहाटे तळ्याकाठी कळशी टेकवून घटकाभर बसलं की मन निवळतं, घरी येऊन सगळ्यांशी गोड बोलता येतं. यांचं सगळंच उलट. सकाळपासून बारापर्यंत गळ्यात पाटी. चहात साखर कमी, लिही पाटीवर. म्हैस सुटली, वाजव टाळ्या. माझा राग आला, आपट खडू. बोलत होते तेव्हा घरात एवढी कटकट नव्हती. वर गावातली माणसं पाया पडायला आली की डोळे मिटून असे बसतात, की मीच उठून परसात जाते.

वैशाखात तू बाळाला घेऊन आलीस. लग्न करून होडीवाल्याच्या घरात गेलीस म्हणून दोन वर्षं ज्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं, त्यांनी दारातच पाटी दाखवली, 'मौन आहे'. बारापर्यंत थांबते म्हणून तू पडवीत बसलीस. बारा वाजले, तर पाटी पुसून लिहिलं, 'आज संध्याकाळपर्यंत'. पडवीतल्या कळशीतलं पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायलीस आणि एस.टी.ला गेलीस.

आता परवाचं ऐक. चतुर्थीला गणपतीपुढे भावकी जमली, नारळ ठेवला. घरासाठी देवाकडे मोठ्यानं मागणं मागायचं, गाऱ्हाणं घालायचं, ते घरातल्या कर्त्या पुरुषानं. यांनी ते पाटीवर लिहून मूर्तीपुढे धरलं! भावकीतले बाबूकाका म्हणाले, "भिकाजी, गणपतीक चष्मो लावूचो काय?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. आपल्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, तरी पदर खोचून मी पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराची लेक नातवाक घेवन दारात इली नि पाणी पिवन परत गेली. तिका नि तिच्या घोवाक मानान घरात घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीनं ओरडले. त्यात मोठा आवाज तुझ्या बाबांचा. लहानपणापासूनची सवय, निसटलं तोंडातून. देवापुढे हो म्हटलेलं मोडायची त्यांची छाती नाही. कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, पाटीवरूनसुद्धा नाही. न बोलोत.

पण हे पत्र त्यांच्यासाठी नाही गो. तू पडवीत होतीस तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. बाळ रडलेलं ऐकलं. पेज उतू गेली तरी उठले नाही. त्यांच्याकडे निदान पाटी होती, माझं तर काही व्रतच नव्हतं. वर लिहिलेल्या शिसारीतली निम्मी माझी मलाच आहे. येत्या सोमवारी पहिल्या एस.टी.नं तुझ्याकडे जामसंड्याला येते आहे. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी तुझ्या दारात बसेन, बारा वाजले तरी, संध्याकाळ झाली तरी.

तुझीच,
आई